प्रवासी, उतारू की पाहुणे? स्पॅनिशमधे स्वतःला काय म्हणवून घ्यायचं

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आपण स्पॅनिशबद्दलच्या शंका मागवल्या होत्या आणि गंमत म्हणजे बऱ्याचशा एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की प्रवास करणाऱ्या माणसाला नक्की म्हणायचं काय. बडोद्यात पूर्वी स्पॅनिश म्हणजे कुणीतरी हौस म्हणून शिकायचं, पण 28 ऑक्टोबर 2024 ला आपले पंतप्रधान आणि स्पेनचे पेद्रो सांचेस दोघं मिळून इथल्या सी-295 विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन करून गेले, 56 पैकी 16 विमानं तिकडून सेव्हिलहून तयार आणि बाकीची 40 आपल्याकडे, त्यामुळे आता कुणाचा भाचा सेव्हिलला ट्रेनिंगला, कुणाची सून तिकडच्या इंजिनियरांशी रोज मीटिंगमधे, असं चाललंय.

उच्चाराचं एकदाच सांगून टाकते. स्पॅनिशमधला व हा ब सारखाच ऐकू येतो म्हणून मी बियाखेरो लिहितेय, आणि त्यातला ख स्पेनच्या बऱ्याच भागात घशातून खरवडून येतो, मेक्सिको-कोलंबियात तोच मऊ ह होतो, बियाहेरो. दोन्ही बरोबर. सेव्हिलला तिथले लोक सेबिया म्हणतात, पण आपण आपलं सेव्हिलच म्हणू.

ताई, मी एका एव्हिएशन कंपनीत आहे. सेव्हिलच्या टीमला ओळखीची मेल लिहिताना मी लिहिलं, सोय बियाखांते दे बडोदा, म्हणजे मी बडोद्याची प्रवासी, आणि उत्तर आलं की छान, काय विकता? बियाखार म्हणजे प्रवास करणं हे मला नक्की माहितीये, मग चुकलं कुठे? आणि ॲपमधे प्रवासी टाकलं की पासाखेरो, बियाखेरो, तुरिस्ता असे तीन शब्द येतात, त्यातला कुठला घ्यायचा?
(मांजलपूरहून एक वाचक)

चुकलं काही नाही, नियम तू बरोबरच लावलास. एस्तुदियार म्हणजे शिकणं आणि एस्तुदियांते विद्यार्थी, तर मग बियाखारवरून बियाखांते प्रवासी असणारच असं कुणालाही वाटेल, पण हा शब्द तिकडे एका धंद्याने कधीचाच अडवून ठेवलाय. बियाखांते म्हणजे फिरतीवरचा विक्रेता, आपल्याकडे एमआर असतात ना, बॅग घेऊन गावोगाव डॉक्टरांच्या दाराशी बसलेले, तसा नमुने घेऊन फिरणारा माणूस. त्यामुळे त्यांनी काय विकता विचारलं ते थट्टा म्हणून नव्हतं, तू तसंच लिहिलं होतंस.

आता ते तीन शब्द. ॲपचा प्रॉब्लेम असा आहे की ते शब्द देतं पण कोण कुणाला म्हणतंय ते देत नाही, आणि इथे सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. एखादी बाई सकाळी बडोद्याहून निघाली, तर विमानात एअर होस्टेसच्या दृष्टीने ती पासाखेरा, माद्रिदला सरकारी आकडेवारीत तुरिस्ता, हॉटेलात वेस्पेद, आणि रात्री डायरी लिहायला बसली की स्वतःच्या नजरेत बियाखेरा. माणूस एकच. म्हणून शब्द शोधण्याआधी बघायचं की बोलणारा कुठे उभा आहे.

पासाखेरो म्हणजे ज्याला कुणीतरी वाहून नेतंय तो. विमान, जहाज, टॅक्सी, यातला बसलेला माणूस, चालवणाऱ्यांपैकी नसलेला. आपल्याकडे जुन्या रेल्वे मराठीत याला अगदी फिट्ट शब्द होता, उतारू. आता कुणी म्हणत नाही, आमच्या पिढीने तो बातम्यांतच ऐकला, पण पासाखेरोसाठी प्रवासीपेक्षा उतारू शंभर पटीने बरा, कारण उतारू गाडीतून उतरला की उतारू राहात नाही, तसंच पासाखेरोचं. म्हणून सोय पासाखेरा असं नुसतं स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही, कुठल्या फ्लाइटची पासाखेरा ते लागतं. हाच शब्द विशेषण म्हणून आला तर अर्थ क्षणिक, येऊन जाणारा, यूबिया पासाखेरा म्हणजे येऊन गेलेली सर. तुमच्या क्षेत्रातली आणखी एक भानगड, गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याला तिकडे पासाखेरोपेक्षा कोपिलोतो म्हणतात, आणि कोपिलोतो म्हणजे विमानातला को-पायलटसुद्धा, तेव्हा विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे जरा सांभाळून वापरा.

पण स्पेनमधे रेल्वे, मेट्रो आणि सिटी बस यांचं वेगळंच. तिथे ते लोक उतारूंनासुद्धा बियाखेरोच म्हणतात. स्टेशनवर अनाउन्समेंट सेन्योरेस बियाखेरोस अशी सुरू होते, विमानात मात्र सेन्योरेस पासाखेरोस. त्यांच्या सरकारी रेल्वेची जी कंपनी माणसं नेते तिचं नावच रेन्फे बियाखेरोस आहे, आणि मालगाडी नसलेली ती त्रेन दे बियाखेरोस. का बरं असं, तर माझ्या मते यात फार तर्क शोधू नये, रुळांची आणि हवेची भाषा वेगवेगळ्या काळात ठरली आणि आता तशीच चाललीये, ऐकून ऐकून कानात बसते.

यापलीकडे बियाखेरो हा मानाचा शब्द आहे. प्रवासाची आवड असलेला, चार देश फिरलेला, सावकाश बघणारा माणूस. स्वतःबद्दल म्हटलं तर थोडीशी शेखी येते हे लक्षात ठेव, मेलमधे सोय बियाखेरा लिहिलंस तर समोरच्याला वाटेल की हिचा इन्स्टावर ट्रॅव्हलचा पेज असणार.

मग तू लिहायला काय हवं होतं? नामच नको होतं. स्पॅनिश माणूस अशा वेळी क्रियेवर किंवा स्थितीवर जातो. मी प्रवासात आहे तर एस्तोय दे बियाखे. नुसती इथून जातेय, मुक्काम नाही, तर एस्तोय दे पासो. कामासाठी येतेय तर बेंगो पोर त्राबाखो. बडोद्याची आहे तर सोय दे बडोदा, संपलं. आपल्याकडेसुद्धा कुणी मी प्रवासी आहे असं म्हणत नाही ना, मी गावाला चाललेय म्हणतो.

आणि हो, तुरिस्ता हा आकारान्त दिसतो म्हणून पुरुषांनी त्याचा तुरिस्तो करायचा नाही, क्लासमधे हे दर बॅचला होतं. एल तुरिस्ता, ला तुरिस्ता, बदलतं ते फक्त आधीचं एल किंवा ला. बियाखेरो-बियाखेरा मात्र बदलतं.

मी फतेगंजला राहते, एमएसयूमधे शिकते. एक्स्चेंजवर जाणार आहे आणि मैत्रिणींनी घाबरवलंय की स्पेनमधे टुरिस्ट म्हणवून घेऊ नकोस, लोक चिडतात. खरं आहे का? आणि गिरी म्हणजे काय शिवी आहे का?

अर्धं खरं. स्पेनमधे 2024 साली जवळपास 9 कोटी 38 लाख परदेशी पर्यटक आले, आणि अख्ख्या देशाची लोकसंख्या 5 कोटीच्या आत. बार्सिलोनात त्या वर्षी जुलैमधे मोर्चा निघाला होता, त्यात लोकांनी हॉटेलांबाहेर बसलेल्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ते व्हिडिओ तुझ्या मैत्रिणींनी बघितले असणार. राग खरा आहे आणि तो घरभाड्यांचा आहे, फ्लॅट टुरिस्टांना दिवसावर दिले की मालकाला जास्त मिळतात आणि तिथलाच पोरगा बाहेर फेकला जातो. पण म्हणून तुरिस्ता ही शिवी झालेली नाही, तिकीट खिडकीवर, दवाखान्यात, पोलिसांकडे तो सरळ साधा शब्द आहे. शिवाय तू तुरिस्ता नाहीसच, एस्तुदियांते आहेस, बिनधास्त तेच सांग, दारं पटापट उघडतात.

गिरी म्हणजे परदेशी टुरिस्ट, त्यातल्या त्यात उत्तर युरोपातला, उन्हाने लाल झालेला, सँडलमधे मोजे घातलेला. चिडवायचा शब्द आहे, पण प्रेमानेही म्हणतात, तिकडे वर्षानुवर्षं राहिलेले इंग्रज स्वतःला हसत गिरी म्हणवून घेतात. स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या कोशात याची व्युत्पत्ती मजेशीर दिलीय, 19व्या शतकातल्या यादवी युद्धात राणी क्रिस्तिनाच्या बाजूच्यांना क्रिस्तिनो म्हणायचे, बास्क लोकांच्या तोंडात त्याचं गिरिस्तिनो झालं आणि त्याचं शेपूट तुटून गिरी उरलं. म्हणजे राणीच्या सैनिकापासून बीचवरच्या जर्मनापर्यंत प्रवास. आपल्या रंगाच्या माणसाला सहसा कुणी गिरी म्हणत नाही, त्यामुळे ती काळजी नको.

पाठीवर सॅक घेऊन कमी पैशात फिरणारी ती मोचिलेरा, मोचिला म्हणजे सॅक. त्रोतामुंदोस हा मला फार आवडतो, जगभर दुडक्या चालीने फिरणारा, एक असो की दहा, बाई असो की पुरुष, रूप तेच. उन्हाळाभर समुद्रकाठच्या गावी जाऊन राहणारे ते बेरानेआंते, आणि फक्त रविवारी डबे, छत्र्या, पोरंबाळं गाडीत कोंबून निघणारे आणि रस्ता अडवणारे ते दोमिंगेरो, हा मात्र नक्की टोमणा आहे, रविवारी संध्याकाळी पावागढच्या रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेव. राहायची जागा शोधताना ओस्ताल दिसलं तर ते आपल्याला वाटतं तसं बंक बेडवालं हॉस्टेल नसतं, ते छोटं साधं हॉटेल असतं. बंक बेड हवे तर आल्बेर्गे खुबेनिल किंवा सरळ ओस्तेल. पण आल्बेर्गे दे त्रान्सेउंतेस असं लिहिलेलं दिसलं तर तिथे जाऊ नको. त्रान्सेउंते म्हणजे येणारा-जाणारा, वाटसरू, कोशात अर्थ निरुपद्रवी आहे, पण त्या पाटीवर त्याचा अर्थ बेघर माणूस, ती बेघरांसाठीची निवारा-जागा आहे, आणि तुझ्यासारखीने स्वस्त म्हणून तिथे जाऊन कुणाची तरी खाट अडवणं बरं नाही.

आम्ही दांडिया बाजारातले चार निवृत्त मित्र. चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा दर वर्षी करतो, पंढरीची वारीही झाली आहे. आता मुलांच्या आग्रहावरून स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला, शेवटचे शंभर किलोमीटर, जायचं ठरतंय. आम्ही ख्रिश्चन नाही. आम्हाला स्वतःला पेरेग्रीनो म्हणता येईल का, की ते खोटं ठरेल? आणि वारकरी हे त्यांना कसं सांगायचं?

काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण या सगळ्या प्रकारात जर कुणाला शब्दाचा खरा हक्क असेल तर तो तुम्हा चौघांना आहे.

पेरेग्रीनो म्हणा, बिनदिक्कत म्हणा. त्या रस्त्यावर पाठीवर पिशवी आणि तिला शिंपला लटकवलेला प्रत्येकजण पेरेग्रीनोच, धर्म कुणी विचारत नाही. तुम्हाला सुरुवातीला एक क्रेदेन्सियाल मिळेल, घडीचं पुस्तक, त्यावर मुक्कामात, चर्चमधे, चहाच्या टपरीसारख्या बारमधे शिक्के मारून घेत जायचं, आणि सांतियागोला पोचल्यावर ते दाखवलं की कोंपोस्तेला नावाचं लॅटिनमधलं प्रमाणपत्र. त्याला पायी निदान 100 किलोमीटर लागतात, सायकलवर 200. म्हणून बहुतेक मंडळी सारिया गावातून सुरू करतात, ते 100 च्या थोडं पलीकडे पडतं. तिथल्या ऑफिसात यात्रेचा हेतू विचारतात, धार्मिक किंवा आध्यात्मिक सांगितलं तर कोंपोस्तेला, नुसती हौस किंवा व्यायाम सांगितलं तर दुसरं एक स्वागताचं प्रमाणपत्र. तुम्ही आध्यात्मिक सांगाल तर त्यात खोटं काय आहे? ज्यांनी नर्मदामाईच्या काठाने पाय झिजवलेत त्यांना हेतूचा प्रश्न अवघड जायला नको.

पेरेग्रीनो शब्दाच्या पोटात लॅटिनमधला परका माणूस बसलाय, पेरेग्रिनुस म्हणजे बाहेरून आलेला, परमुलखातला. म्हणून आजही इदेआ पेरेग्रिना म्हणजे यात्रेची कल्पना नाही हं, विचित्र, कुठून सुचली कोण जाणे अशी कल्पना. मुलांनी तुम्हाला सांतियागोला धाडायचं ठरवलं तेव्हा काकूंनी बहुधा हेच म्हटलं असेल.

रोमेरो हा आणखी एक शब्द सेव्हिलकडे कानावर येईल. मुळात रोमला जाणारा यात्रेकरू तो रोमेरो, जेरुसलेमहून खजुराच्या झावळ्या घेऊन येणारा तो पाल्मेरो. आता रोमेरो म्हणजे रोमेरियाला, देवस्थानच्या जत्रेला, जाणारा कुणीही, आणि स्वयंपाकघरात रोमेरो म्हणजे रोजमेरी, त्याला इलाज नाही. सेव्हिल-वेल्व्हा भागात एल रोसियोची जत्रा असते, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, गावोगावच्या एर्मान्दादेस म्हणजे बंधुमंडळं आपापली चांदीची देव्हारागाडी बैलांना जुंपून, गाणी म्हणत, रस्त्यात मुक्काम करत निघतात. प्रत्येक मंडळाचा क्रम ठरलेला, जुनं मंडळ पुढे. तुम्हाला दिंड्यांचे नंबर आठवले की नाही? तिथल्या भक्ताला रोसिएरो म्हणतात, पेरेग्रीनो म्हटलं तरी चालतं पण तो स्वतःला रोसिएरोच म्हणणार.

आणि तेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. वारकरीचं भाषांतर करू नका. रोसिएरोचं आपण मराठी करत नाही, मग वारकरीचं स्पॅनिश कशाला? वारकरी म्हणा आणि पुढे जोडा, पेरेग्रीनो आ पिए, तोदोस लोस आन्योस, म्हणजे पायी जाणारा यात्रेकरू, दर वर्षी. त्यातलं दर वर्षी महत्त्वाचं, कारण पेरेग्रीनो माणूस आयुष्यात एकदा झाला तरी भागतं, वारीत तसं नाही, वारी चुकवायची नसते. परिक्रमेचं मात्र सांगायला सोपं जाईल, दार ला बुएल्ता म्हणजे वळसा घालणं, नदीला वळसा घालणारा यात्रेकरू म्हटलं की ते लोक डोळे मोठे करून ऐकतील, त्यांच्याकडे सगळे रस्ते एका ठिकाणी जाऊन संपतात, नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं ही गोष्टच त्यांना नवी.

वाटेत भेटणारा जो तो तुम्हाला बुएन कामिनो, म्हणजे वाट चांगली होवो, म्हणेल, तुम्हीही तेच म्हणायचं, आपल्या माऊली माऊलीसारखं. इतर कुठल्याही प्रवासाला निघालेल्याला मात्र बुएन बियाखे, विमानतळावर बुएन कामिनो म्हटलं तर लोक हसतील. बॅगा टॅक्सीने पुढे पाठवून रिकाम्या हाताने चालणाऱ्यांना पक्के पेरेग्रीनो चिडवतात तुरिग्रीनो, तुरिस्ता आणि पेरेग्रीनो यांची भेसळ. तुमच्या वयाला बॅग पुढे पाठवायला काहीच हरकत नाही, कुणी म्हणालं तर म्हणू दे, गुडघे आपले आहेत.

तारखा ठरवताना एवढं बघा, 2027 हे त्यांचं पवित्र वर्ष आहे, संत याकोबाचा, म्हणजेच सांतियागोचा, दिवस 25 जुलै रविवारी आला की ते वर्ष पवित्र धरतात, आणि मग गर्दीला पार राहात नाही. 2024 मधे पवित्र वर्ष नसतानाच 5 लाखांच्या आसपास लोकांना प्रमाणपत्रं दिली गेली होती.

माझे जावई बार्सिलोनात सॉफ्टवेअरमधे आहेत. ते स्वतःला एक्स्पॅट म्हणतात. तिथल्या एका बाईने मुलीला इन्मिग्रांते म्हटलं तर मुलीला वाईट वाटलं. बरोबर शब्द कुठला?
(अलकापुरीतून एक आई)

दोन्ही बरोबर, आणि वाईट वाटायचं खरंच कारण नाही. एक्स्पात्रियादो हा शब्द कंपनीने ठराविक मुदतीसाठी पाठवलेल्या माणसाला लागतो, पगार, घरभाडं, परतीचं तिकीट सगळं कंपनीचं. आपल्याच देशातली नोकरी चालू ठेवून मालकाने काही महिने तिकडे कामाला धाडलेला असेल तर कायद्याच्या भाषेत देस्प्लासादो, पण हा शब्द कोलंबियात कुणाजवळ बोलू नका, तिथे देस्प्लासादो म्हणजे हिंसाचारामुळे घरदार सोडावं लागलेला माणूस. लॅपटॉप घेऊन तिकडून भारतातलं किंवा अमेरिकेतलं काम करणारा तो नोमादा दिखिताल, 2022 च्या कायद्याने स्पेनने त्यांच्यासाठी वेगळा व्हिसाच काढला. आणि जो आपण होऊन गेला, तिथेच नोकरी धरली, तिथेच भाड्याचं घर, मुलं तिथल्या शाळेत, तो इन्मिग्रांते. पगार किती यावर ते ठरत नाही. गोऱ्या किंवा पैसेवाल्या परदेशी माणसाला एक्स्पॅट आणि बाकीच्यांना इन्मिग्रांते अशी वाटणी लोक करतात हे खरं, पण ती वाटणी आपण कशाला मान्य करायची? कागदांसाठी सगळ्यांना त्याच एस्त्रांखेरियाच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कागदपत्रांच्या, ऑफिसात जायचंय.

शिवाय ते शब्द दोन बाजूंचे आहेत. जावई बडोद्याच्या दृष्टीने एमिग्रांते, इथून गेलेले, आणि बार्सिलोनाच्या दृष्टीने इन्मिग्रांते, तिकडे आलेले. दोन्ही एकदम म्हणायचं नसेल तर मिग्रांते, हल्ली पेपरवाले तेच लिहितात, पण घरातल्या आईसाठी माणूस गेलेलाच असतो, त्यामुळे तुम्ही एमिग्रांतेच म्हणा.

स्पेनमधे एमिग्रांते शब्दाला फार ओल आहे. 1960 च्या दशकात तिथले लाखो लोक जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत गेले, त्याच्या आधी गलिसियातली आणि आस्तुरियासमधली गावंच्या गावं बोटीने क्युबा-अर्जेंटिनाला. त्यातला जो पैसा करून परत आला तो इंदियानो, त्याने गावात रंगीत मोठं घर बांधायचं आणि पुढे ताडाचं झाड लावायचं, अमेरिका बघून आल्याची खूण म्हणून, ती घरं आणि ती झाडं आजही उत्तरेकडे दिसतात. ज्याला नाही जमलं तो परत आलाच नाही. आणि गलिसियातून इतके लोक गेले की अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला गाय्येगो, म्हणजे गलिसियावाला, म्हणतात, भले तो सेव्हिलचा असो. आपल्याला हे नवीन वाटायला नको. गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इकडे आले तेव्हापासून गुजराती शेजारी आपल्याला दक्षिणी म्हणत आले, मग तो कोकणातला असो, पुण्याचा असो की खानदेशातला, सगळे दक्षिणी. किती पिढ्या झाल्या, पण म्हाताऱ्या गुजराती बायकांच्या तोंडात अजून ऐकू येतं, आणि त्यात वाईट वाटून घेणारा दक्षिणी मी तरी बघितलेला नाही.

मुलीला एक शब्द सांगा, बेसिना, म्हणजे शेजारीण, तिथल्या वस्तीतली. नगरपालिकेत पत्त्याची नोंद केली की ती कागदोपत्रीसुद्धा त्या शहराची बेसिना होते. पुढच्या वेळी त्या बाईला तेच सांगायचं.

घरच्या दोन खोल्या होमस्टे म्हणून देतो, सयाजीबागेच्या मागे. स्पॅनिश बोलणारे येतात म्हणून दारावर स्पॅनिशमधे सूचना लावायच्या आहेत. गेस्टला काय लिहू?

वेस्पेद. स्त्री-पुरुष दोघांना चालतं, अनेकवचन वेस्पेदेस. जुन्या स्पॅनिशमधे याच शब्दाचा अर्थ यजमान असाही व्हायचा, आता त्याची भानगड नाही. इन्बितादो लिहू नका, तो लग्नाला-जेवायला बोलावलेला पाहुणा, त्याच्याकडून पैसे घेत नाहीत! अर्जेंटिना-चिलीचे लोक आले आणि स्वतःला पासाखेरोस म्हणाले तर गोंधळू नका, तिकडे हॉटेलात उतरलेल्यालाही तोच शब्द. नुसते वाडा बघायला येऊन चहा पिऊन जाणारे ते बिसितांतेस. आणि सरकारी फॉर्म भरताना एवढं माहीत असू दे की जागतिक पर्यटन संघटनेच्या, जिचं मुख्यालय माद्रिदलाच आहे, हिशोबात रात्र काढली तरच तुरिस्ता, त्याच दिवशी परतला तर एस्कुर्सिओनिस्ता. म्हणजे मुंबईहून सकाळी येऊन लक्ष्मी विलास बघून रात्रीच्या गाडीने गेलेला तुरिस्ता नव्हेच.

कच्छकडून दर वर्षी आमच्या वाघोडिया रोडच्या बाजूला मेंढ्यांचे कळप घेऊन माणसं येतात. मी त्यांच्यावर एक लेख स्पॅनिशमधे लिहितेय. नोमादा लिहिलं तर शिक्षकांनी खोडलं.

शिक्षकांचं बरोबर आहे. नोमादा म्हणजे ज्याला ठरलेलं घर नाही असा. हे लोक ऋतूप्रमाणे ठरलेल्या वाटेने जातात आणि परत आपल्या गावी येतात, त्याला त्रासुमांते म्हणतात, आणि तो शब्द स्पेनचा अगदी घरचा आहे. तिथे मेंढपाळांची मेस्ता नावाची संघटना 1273 मधे राजा आल्फोन्सो दहावा याने मान्य केली, कळपांसाठी राखीव वाटा ठरल्या, त्यांना कान्याडा म्हणतात, आणि त्यातली एक माद्रिदच्या भर मध्यातून जाते. त्यामुळे दर वर्षी शरद ऋतूत एका रविवारी तिथल्या मोठ्या चौकांतून मेंढ्या जातात, गाड्या थांबतात, आणि मेंढपाळ महापालिकेला जुन्या करारातला कर देतात, हजार मेंढ्यांना 50 मारावेदी, जुनी नाणी, अर्थात आता नावापुरती. हा स्थलांतराचा प्रकार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे, 2023 मधे त्यात स्पेनचंही नाव जोडलं गेलं. हे लेखात घाल, स्पॅनिश वाचक लगेच जवळ येतो. आपल्याकडच्यांना रस्त्यावर हॉर्न मिळतात, तेही घाल.

जत्रेजत्रेतून पाळणे आणि दुकानं घेऊन फिरणारे फेरियांतेस, हातगाडीवाला बेंदेदोर आंबुलांते. नोमादा सगळ्यांवर फासू नये एवढंच.

मी रोज बडोदा-अमदावाद अपडाउन करतो. क्लासमधे मी कोण ते स्पॅनिशमधे सांगायला सांगितलंय. बियाखेरो का?

अपडाउनवाल्याला रोजच्या बोलण्यात एकच असा चपखल शब्द स्पॅनिशमधे नाही, त्यांच्या लोकल गाड्यांना सेर्कानियास म्हणतात पण त्यातून जाणाऱ्याला वेगळं नाव नाही. बोय इ बेंगो तोदोस लोस दियास म्हणा, रोज जातो आणि येतो. आणि गाडीत बसायला जागा मिळाली की नाही हे विचारलंच कुणी, तर दे पिए, उभ्याने.